ब्रिस्केटचा भाव आणि बार्बेक्यूचा नकाशा

अमेरिकन बार्बेक्यूवर काहीही वाचायला घ्या, पहिल्या काही पानांत एक नकाशा येतोच. कॅरोलायनात डुक्कर आणि व्हिनेगर, मेम्फिसला बरगड्या, कॅन्सस सिटीत गोड-दाट सॉस, टेक्सासात बीफ. नकाशा इतका नीटनेटका असतो की वाटतं, हे सगळं त्या त्या मातीतच उगवलंय. मग ‘परंपरा’, ‘अस्सल’, ‘पिढ्यान्‌पिढ्या’ हे शब्द आपोआप येतात. संशोधनाच्या तयारीत असाल तर असे शब्द दिसल्यावर जरा थांबायची सवय लावून घ्या.

मला थांबवलं ते भावाने. टेक्सासातल्या नावाजलेल्या दुकानांत आज एक पौंड, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम, ब्रिस्केटला ३० डॉलरच्या वर मोजावे लागतात. ब्रिस्केट म्हणजे गुराच्या छातीचं मांस. ‘हे तर गरिबाचं खाणं होतं’ अशी हळहळ त्यावर सगळीकडे ऐकू येते. ती ऐकून मी जुन्या भावांच्या मागे लागले, आणि तो नकाशा मला वेगळाच दिसायला लागला. ज्यांना आपण प्रादेशिक शैली म्हणतो त्या बऱ्याच अंशी जुन्या बाजारभावाच्या नोंदी आहेत. ज्या गावात, ज्या काळात जे मांस स्वस्त पडलं, त्याची तिथे शैली झाली. या पोस्टमध्ये एवढंच दाखवायचा प्रयत्न करते, आणि हे म्हणणं कुठे अडखळतं तेही.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे बार्बेक्यू म्हटलं की टेबलावरच्या शेगडीत शिगेला टोचलेलं पनीर-चिकन डोळ्यांपुढे येतं. अमेरिकेच्या दक्षिणेत त्याला ग्रिलिंग म्हणतील. तिथलं बार्बेक्यू म्हणजे लाकडाच्या निखाऱ्यांची मंद आच, धूर, आणि दहा-बारा तास. शब्द मूळचा कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा, स्पॅनिशमध्ये तो ‘बार्बाकोआ’ झाला आणि तिथून इंग्रजीत आला. एवढा वेळ का लागतो, तर जनावराचे जे स्नायू सतत काम करतात, खांदा किंवा छाती, त्यांत चिवट कोलॅजन खूप असतं. घाईने भाजलं तर मांस चामड्यासारखं होतं. मंद आचेवर ठेवलं तर कोलॅजनचं जिलेटिन होतं आणि तेच मांस बोटाने सुटतं. चिवट म्हणून स्वस्त, आणि स्वस्त म्हणून बार्बेक्यूला, असा हा संबंध सुरुवातीपासूनचा आहे.

आता नकाशाकडे. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातली वर्णनं एकापाठोपाठ एक वाचली तर एक गोष्ट खटकते. व्हर्जिनिया असो की टेक्सास, सगळीकडे जवळजवळ तेच चाललेलं दिसतं. जमिनीत लांबलचक चर खणायचा, निखारे भरायचे, वर अख्खी जनावरं ठेवायची, लोणी-व्हिनेगर-मिरचीचं पाणी मारत राहायचं. जॉर्ज वॉशिंग्टनच्या डायरीत १७६९ ची नोंद आहे, अलेक्झांड्रियाला बार्बेक्यूला गेलो आणि रात्रभर राहिलो अशा अर्थाची. हे सामुदायिक जेवण असायचं, निवडणुकीचं नाहीतर ४ जुलैचं. विकत काही मिळत नसे. रॉबर्ट मॉस यांनी २०१० च्या त्यांच्या पुस्तकात हा मुद्दा नीट मांडलाय. शैलींमधले आज दिसणारे फरक मुख्यतः विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पक्के होतात, बार्बेक्यूची दुकानं निघाल्यावर. मला हे पटतं, कारण फुकटच्या जेवणात जनावर कुठलंही चालतं. दुकानदाराला मात्र रोज, त्याच भावात, तेच मांस मिळावं लागतं.

नॉर्थ कॅरोलायनाचं उदाहरण घ्या. राज्याच्या पूर्व भागात अख्खं डुक्कर भाजायची पद्धत टिकली. पश्चिमेला लेक्सिंग्टन गावात पहिल्या महायुद्धाच्या आसपास कोर्टासमोर तंबू टाकून बार्बेक्यू विकायला सुरुवात झाली. कोर्टाच्या तारखांना खेड्यापाड्यांतून गर्दी यायची, पण गर्दीचा भरवसा नसतो. अख्खं डुक्कर एकदा आचेवर चढवलं की ते संपवावंच लागतं. नुसते खांदे घेतले तर गिऱ्हाईक बघून दोन चढवा नाहीतर दहा. आज ‘लेक्सिंग्टन शैली’ची ओळख म्हणून खांद्याचं मांस सांगतात, त्यात मला तरी तंबूवाल्याचा हिशोब दिसतो.

कॅन्सस सिटीची गोष्ट जास्त बोलकी आहे. १८७१ मध्ये तिथे गुरांचा मोठा बाजार उभा राहिला. पुढे तो शिकागोच्या खालोखाल गणला जायचा आणि १९९१ पर्यंत चालला. कत्तलखाने दाराशी, म्हणजे जे भाग हॉटेलं आणि घरं घेत नाहीत ते कवडीमोलाने. टेनेसीहून आलेल्या हेन्री पेरी या कृष्णवर्णीय स्वयंपाक्याने १९०८ च्या सुमारास तिथे धंदा मांडला. बरगड्यांचा पट्टा २५ सेंटला, वर्तमानपत्रात गुंडाळून. त्याच्या यादीत बीफबरोबर पॉसम आणि रॅकूनसुद्धा होते! ‘कॅन्सस सिटीत सगळ्या प्रकारचं मांस चालतं’ हे वैशिष्ट्य म्हणून सांगितलं जातं, त्याचं मूळ हे असं आहे. पेरीनंतर चार्ली ब्रायंट आणि मग त्याचा भाऊ आर्थर यांनी ते दुकान चालवलं. तिथे ब्रिस्केट कापताना कडेचे काळे, करपलेले तुकडे बाजूला पडायचे आणि रांगेतले लोक ते फुकट उचलून खायचे. लेखक कॅल्विन ट्रिलिन यांनी १९७२ मध्ये या दुकानाला जगातलं सर्वोत्तम रेस्टॉरंट म्हटलं आणि त्या तुकड्यांचं इतकं कौतुक केलं की ‘बर्न्ट एंड्स’ हा स्वतंत्र पदार्थ झाला. कडा मागणीइतक्या निघणार कुठून? म्हणून आता ब्रिस्केटच्या चरबीच्या भागाचे मुद्दाम चौकोनी तुकडे करून ते पुन्हा धुरात ठेवतात आणि बऱ्याचदा साध्या कापांपेक्षा महाग विकतात. फुकटाची वस्तू पन्नास वर्षांत मेन्यूच्या शिखरावर गेली.

मध्य टेक्सासात सुरुवात खाटकांच्या दुकानांतून झाली. जर्मन आणि चेक स्थलांतरित खाटीक न खपलेलं मांस धुरावर घालायचे, उरलंसुरलं सॉसेजमध्ये जायचं. कापसाच्या हंगामात शेतमजूर ते खाटकाच्या जाड कागदावरच घेऊन खायचे. लॉकहार्टचं क्रॉइझ मार्केट १९०० चं, एल्गिनचं साउथसाइड मार्केट १८८२ चं. आज महागड्या दुकानातही ताटाऐवजी कागद पसरतात तो याच आठवणीचा.

पण या जुन्या दुकानांत ब्रिस्केट हा राजा नव्हता. खाटीक अख्खं जनावर किंवा पुढचा चौथा भाग घ्यायचा, त्यात ब्रिस्केट एकच. मग खांदा, मान, जे असेल ते धुरात जायचं. १९१० नंतरच्या दशकातल्या टेक्सासच्या वर्तमानपत्रांत ज्यू दुकानदारांच्या धुरी दिलेल्या ब्रिस्केटच्या जाहिराती सापडल्यात, म्हणजे पदार्थ माहीत होता. तो राज्याची ओळख झाला मात्र बराच नंतर. १९६७ मध्ये आयोवा बीफ पॅकर्स या कंपनीने नेब्रास्कातल्या डकोटा सिटीच्या कारखान्यात मांसाचे भाग सुटे करून, हवाबंद पिशव्यांत, खोक्यांतून पाठवायला सुरुवात केली. आता दुकानदाराला अख्ख्या जनावराची गरज उरली नाही, हवं तर खोकंभर ब्रिस्केटच मागवा. आणि ब्रिस्केट तर सगळ्यांत स्वस्त भागांपैकी. ‘पारंपरिक टेक्सास ब्रिस्केट’ हे मोठ्या प्रमाणात पॅकिंग उद्योगाचं अपत्य आहे. टेक्सासच्या माणसासमोर हे जरा जपून म्हणावं.

हा भाव वर का गेला, हे समजायला अर्थशास्त्रातली ‘संयुक्त उत्पादना’ची कल्पना उपयोगी पडते. एका गुराला ब्रिस्केट दोनच. ब्रिस्केटसाठी म्हणून कुणी गुरं पाळत नाही. गुरं किती पाळायची हे अख्ख्या जनावराच्या भावावर ठरतं. म्हणजे ब्रिस्केटची मागणी दुप्पट झाली म्हणून पुरवठा हलत नाही, फक्त भाव हलतो. २००९ नंतर ऑस्टिनमध्ये फ्रँकलिन बार्बेक्यूसमोर पहाटेपासून रांगा लागू लागल्या, २०१३ मध्ये आर्बीजसारखी साखळी ब्रिस्केटचं सँडविच विकायला लागली, आणि खाटीक ज्याला दुय्यम समजायचे तो भाग सगळ्यांना हवा झाला. दक्षिण टेक्सासात गुराख्यांना मजुरीसोबत मिळणारा स्कर्ट स्टेक फाहिता लोकप्रिय झाल्यावर असाच महागला होता.

त्यात दुष्काळ. २०११ च्या दुष्काळात टेक्सासच्या शेतकऱ्यांनी गुरं काढून टाकली. पुढे कळप काहीसे सावरले आणि पुन्हा आटले. १ जानेवारी २०२५ च्या सरकारी मोजणीत अमेरिकेतली गुरं ८ कोटी ६७ लाख भरली, १९५१ नंतरचा सर्वांत कमी आकडा. कळप वाढवायचा तर कालवडी कत्तलीला न पाठवता ठेवाव्या लागतात, त्यामुळे आधी मांस आणखी कमी होतं. नऊ महिने गाभण काळ, मग वासरू तयार व्हायला दीड-दोन वर्षं. त्यात नोव्हेंबर २०२४ मध्ये स्क्रूवर्म या किडीच्या भीतीने मेक्सिकोहून येणारी जिवंत गुरं थांबवण्यात आली. कत्तलीच्या धंद्यात चार कंपन्यांच्या हाती सुमारे ८५ टक्के माल आहे, हा वेगळ्या पोस्टचा विषय.

दुकानातला हिशोबही बघा. ब्रिस्केटची चरबी छाटून, रात्रभर शिजवून बाहेर काढेपर्यंत वजन जवळजवळ निम्मं होतं. समजा कच्चं मांस ५ डॉलर पौंडाने घेतलं, तर विकायच्या पौंडाला नुसत्या मांसाचेच १० डॉलर पडले. लाकूड, भाडं आणि रात्री जागणारा माणूस अजून धरलेला नाही.

या जागणाऱ्या माणसाबद्दल बोललं पाहिजे. ‘पूर्वी स्वस्त होतं’ हे वाक्य समोर आलं की माझा पहिला प्रश्न असतो, कुणाच्या जिवावर? गुलामगिरीच्या काळात चर खणणं, लाकूड तोडणं, रात्रभर निखारे सरकवणं, हे सगळं गुलाम कृष्णवर्णीयांनी केलं. १९३६ ते १९३८ मध्ये सरकारच्या फेडरल रायटर्स प्रोजेक्टने २,३०० हून अधिक माजी गुलामांच्या मुलाखती नोंदवल्या. त्यात साउथ कॅरोलायनाचे वेस्ली जोन्स बार्बेक्यूची रात्र सांगतात. रात्रभर आचेपाशी बसून मांसाला पाणी मारायचं, आणि त्या पाण्यात व्हिनेगर, काळी-लाल मिरी, मीठ, लोणी, धने, तुळशीच्या जातीचा बेसिल, कांदा, लसूण. एवढी तपशीलवार कृती कुठल्याही मालकाच्या डायरीत सापडत नाही. या मुलाखती वापरताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. मुलाखत घेणारे बहुतेक गोरे होते, समोरचा काय बोलला आणि काय गिळला हे आपल्याला तपासून घ्यावं लागतं. आणि बोलीचं विचित्र स्पेलिंग हे बऱ्याचदा लिहिणाऱ्याचं आहे, बोलणाऱ्याचं नाही.

गुलामगिरी संपल्यावरही रात्रीचं काम त्याच हातांत राहिलं, मजुरी नाममात्र. म्हणजे जुन्या भावात एक मोठा खर्च कधी धरलाच गेला नव्हता. मजुरी आणि लाकूड महागल्यावर नॉर्थ कॅरोलायनातल्या अनेक दुकानांनी गॅस आणि विजेच्या भट्ट्या घेतल्या. त्यांना ‘अस्सल नाही’ म्हणणाऱ्यांनी ती रात्र स्वतः जागून बघावी. २०२४ मध्ये टेक्सासातल्या चार बार्बेक्यू दुकानांना मिशेलिन स्टार मिळाले. तिथे ३० डॉलरचा भाव खपतो. गरीब वस्तीतल्या जुन्या दुकानाला कच्चं मांस त्याच चढ्या बाजारातून घ्यावं लागतं, पण त्याचं गिऱ्हाईक ३० डॉलर देऊ शकत नाही. एड्रियन मिलर यांचं २०२१ चं ‘ब्लॅक स्मोक’ या वगळल्या गेलेल्या माणसांसाठी वाचाच.

आता माझं म्हणणं जिथे अडखळतं ते. केंटकीतल्या ओवेन्सबरोत बार्बेक्यू म्हणजे मेंढीचं मांस. लोकरीसाठी पाळलेल्या म्हाताऱ्या मेंढ्या एकेकाळी मुबलक होत्या, इथवर भावाचं स्पष्टीकरण चालतं. पण १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत साडेपाच कोटींच्या वर मेंढ्या होत्या, आज सुमारे ५० लाख आहेत. स्वस्ताई कधीच संपली, तरी ओवेन्सबरोने मेंढी सोडली नाही. चर्चच्या जत्रांना तिथे आजही मेंढ्याच भाजतात. म्हणजे भाव शैली जन्माला घालतो हे मी दाखवू शकते, ती टिकते कशामुळे हे भावाच्या तक्त्यांत दिसत नाही. त्यासाठी चर्चच्या स्वयंसेवकांशीच बोलावं लागेल.

दुसऱ्या टोकाला ऑस्टिनचं लीरॉय अँड लुईस आहे. त्यांचं नाव झालं ते गुराच्या गालाच्या मांसावर. तोही चिवट भाग, मंद आचेला योग्य. टेक्सासच्या सीमेवर मेक्सिकन कुटुंबं गुराच्या डोक्याचा बार्बाकोआ करत आलीत, त्यातला हा गाल. पण एका गुराला गालही दोनच, तेव्हा त्याचं पुढे काय होणार याचा अंदाज तुम्ही करू शकता.

सिनॉप्सिससाठी विषय शोधणाऱ्यांना एक सुचवते. अमेरिकन कृषी खात्याचे मांसाच्या भागांचे घाऊक भाव ऑनलाइन मोफत मिळतात. दुकानांचे मेन्यू मात्र कुणी जपत नाही, भाव बदलला की जुना फलक पुसला जातो. इंटरनेट अर्काइव्हवर जुन्या वेबसाइटच्या प्रती सापडतात. एकाच दुकानाच्या दहा वर्षांच्या प्रती काढा, कुठला पदार्थ कधी आला, कधी फक्त शनिवारपुरता उरला, कधी गेला याचा तक्ता करा, आणि घाऊक भावाशेजारी ठेवा. सुरुवात एका गावापासून करा. चारही ‘शैली’ एकदम घ्यायच्या फंदात पडलात तर पहिलं वर्ष त्यातच जाईल.