दुसरी वही घाटापलीकडे

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव या नद्यांचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस आणि समुद्राची भरती यांची गाठ पडली की या शहरातले पाणी लवकर ओसरत नाही. २६ जुलै २००५ च्या पुराची खूणही या पाण्याने ओलांडली. १८६४ साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराच्या ग्रंथांना या दोन्ही पुरांचा तडाखा बसला.

दुकानदाराला गाळ उपसल्यावर वजनकाटा नवा घेता येतो, फ्रीज नवा घेता येतो. उधारीची वही मात्र नवी घेता येत नाही. कोणाकडून किती येणे आहे? विम्याचा दावा करायचा, तर गोदामात किती माल होता? संगणकावरच्या हिशेबाची प्रत त्याच टेबलाच्या खणात ठेवलेली असेल, तर मूळ आणि प्रत एकाच पाण्यात जातात. मग ती प्रत कसली?

हा प्रश्न संगणकापेक्षा पुष्कळ जुना आहे. तुकारामांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या, ही कथा आपण सारे जाणतो. अभंग लोकांच्या मुखी होते आणि लिहून घेणारेही होते. संताजी जगनाडे यांच्या वह्यांवरून पुढे वि. ल. भावे यांनी गाथेची आवृत्ती छापली. १८७८ मध्ये का. ना. साने, ज. बा. मोडक आणि शं. तु. शाळिग्राम यांनी ‘काव्येतिहाससंग्रह’ मासिक सुरू केले, तेव्हा जुन्या बखरी व काव्ये छापून गावोगावच्या वर्गणीदारांच्या घरी पोचू लागली. आता एखाद्या वाड्याला आग लागली, तरी मजकूर वाचणार होता.

संगणकाच्या जगात १९५१ च्या युनिव्हॅकपासून चुंबकीय फिती आल्या. त्यांच्या प्रती ठेवण्याच्या एका पद्धतीला ‘आजोबा-वडील-मुलगा’ असे घरगुती नाव पडले. आजची फीत मुलगा, त्याआधीची वडील, त्याहून जुनी आजोबा. आजच्या फितीत चूक शिरली असेल, तर आजोबांकडे जाता येते. यांतली एक फीत दुसऱ्या इमारतीत ठेवायची.

दुसऱ्या इमारतीतच का? थोडे गणित करू. एका जागची प्रत वर्षभरात नष्ट होण्याची शक्यता शंभरात एक आहे असे समजा. दोन जागांची संकटे परस्परांपासून स्वतंत्र असतील, तर दोन्ही प्रती एकाच वर्षी जाण्याची शक्यता दहा हजारांत एक होते. एकाच खोलीत मात्र दोन काय, दहा प्रती ठेवल्या तरी पुरापुढे ती शंभरात एकच राहते. गुणाकाराचा हा लाभ केवळ प्रती वाढवून मिळत नाही. त्यासाठी त्यांची संकटे वेगळी असावी लागतात. चिपळूणच्या व्यापाऱ्याने प्रत रत्नागिरीला ठेवली, तर वाशिष्ठीच्या पुरापासून ती सुटेल. पण एकच चक्रीवादळ दोन्ही गावांना गाठू शकते. म्हणून प्रत घाटापलीकडे, नागपूरसारख्या ठिकाणी असलेली बरी.

पण ती रोज पाठवायची कशी? सेकंदाला ९६०० बिट पाठवणाऱ्या मोडेमवरून १.४४ मेगाबाइटची एक फ्लॉपी पाठवायला सुमारे २० मिनिटे लागत. आज सेकंदाला एक कोटी बिट पाठवणारी जोडणी असली, तरी १०० गिगाबाइटला २२ तास लागतात. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ‘आरसिंक’ ही पद्धत मांडली. तिचे मर्म वहीच्या दाखल्याने समजते. नागपूरची जुनी वही प्रत्येक पानाची बेरीज कळवते. चिपळूणला त्या बेरजा नव्या वहीत शोधल्या जातात आणि जो मजकूर जुळत नाही तेवढाच पाठवला जातो. पण पहिल्या पानावर एकच नवी ओळ घुसली, तर पुढची सारी पाने सरकतात. यावर उपाय असा: पानाएवढी चौकट वहीवरून एकेक ओळ खाली सरकवायची. सुटलेल्या ओळीची रक्कम वजा करायची, नव्या ओळीची मिळवायची. पूर्ण बेरीज पुन्हा करावी लागत नाही. बेरीज जुळली, की अधिक कडक कसोटीने खात्री करून घ्यायची.

दूरची प्रतही निर्धोक नसते. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ या घातक प्रणालीने मार्स्क या जहाज कंपनीचे जाळे उद्ध्वस्त केले. तिथल्या प्रमुख सर्व्हरांच्या प्रती देशोदेशी होत्या, पण त्या सतत परस्परांना जोडलेल्या असल्याने साऱ्या गेल्या. वाचली ती घानामधली एकच प्रत, कारण त्या वेळी तिथे वीज गेलेली होती! म्हणजे केवळ मैलांचे अंतर पुरत नाही; एखादी प्रत जाळ्यापासून अलग हवी आणि काही प्रती जुन्या तारखांच्या हव्यात. प्रत कुलूपबंद सांकेतिक रूपात ठेवली असेल, तर तिची किल्ली त्याच दुकानात असून चालणार नाही. आणि वर्षातून एकदा तरी त्या प्रतीवरून हिशेब दुसऱ्या संगणकावर उभा करून पाहायला हवा. न उघडलेल्या प्रतीचा भरवसा काय?

आपल्या शाळेच्या जनरल रजिस्टरला हेच निकष लावून पाहा. कित्येकांच्या जन्मतारखेचा आणि जातीचा जुना पुरावा त्यातल्या एकेका ओळीत असतो. ते रजिस्टर कोणत्या कपाटात आहे, कपाट जमिनीपासून किती उंच आहे, त्याची दुसरी प्रत कुठे आहे आणि ती शेवटची कधी उघडली होती, ही चार उत्तरे मुख्याध्यापकांच्या परवानगीने विद्यार्थ्यांकडून लिहून घ्या. शक्यतांच्या गुणाकाराला याहून चांगले उदाहरण पाठ्यपुस्तकात शोधावे लागणार नाही.