जात्यावरचे स्थलांतर

मुळशीचे नाव इतिहासात येते ते १९२१ च्या सत्याग्रहामुळे. टाटांच्या धरणाखाली मावळ्यांची गावे गेली, सेनापती बापटांनी कारावास सोसला, हे सर्वश्रुत आहे. परंतु याच खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले दुसरे स्थलांतर कोणत्याही दप्तरात नोंदलेले नाही. कोवळ्या वयातली मुलगी माहेर सोडून सासरी येई; नवरा पोटासाठी मुंबई गाठी. तिचे मनोगत ऐकणारे एकच, पहाटेचे जाते.

त्या ओव्या हेमा राईरकर आणि १९७२ साली फ्रान्समधून पुण्यास आलेले गी पॉइत्वाँ यांनी मुळशीच्या वाड्यावस्त्यांतून टिपण्यास आरंभ केला. पुढे महाराष्ट्रभरातून जमलेली त्यांची संख्या एक लाखावर गेली. पिठाच्या गिरण्या आल्या नि जाती मुकी होऊ लागली, तरी बायांना ओव्या मुखोद्गत होत्या.

फादर स्टीफन्सचे १६१६ सालचे ख्रिस्तपुराणही ओवीबद्धच. पण ती पंडिताची ग्रंथ-ओवी. इथे निरक्षर स्त्री आईची माया, भावाची वाट, सासरचा जाच आपल्याच शब्दांत मांडते. आपण माहेरची की सासरची, हा तिचा सल सत्याग्रहाच्या कागदपत्रांत कसा सापडावा? मला तर हे संकलन त्या कागदांइतकेच मोलाचे वाटते. २०१७ पासून यांतील ओव्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात गायिकांच्या नावांसह प्रसिद्ध होऊ लागल्या.