प्रवरेच्या गोट्यांची साक्ष

नेवासे म्हटले की मराठी माणसाला १२९० साल आणि ज्ञानेश्वरी आठवते. त्याच नेवाशाजवळ प्रवरेच्या दरडीत माणसाची याहून कितीतरी जुनी खूण आहे. तळाच्या बेसाल्टवर तिथे गोटे, रेती आणि चुन्याचा घट्ट थर बसला आहे. भूविज्ञानात त्याला पिंडाश्म म्हणतात. पुराचे पाणी ओसरताना जड गोटे आधी खाली बसतात, त्यांच्या फटींत वाळू शिरते आणि भूजलातला चुना साचून सारे एकजीव होते. अशा खडकाची वर्गवारी त्यातल्या तुकड्यांवरून होते. दोन मिलिमीटरपेक्षा मोठे तुकडे गोलसर असतील तर पिंडाश्म, कोनदार असतील तर कोणाश्म. गोलाई हा प्रवासाचा पुरावा. कोन शाबूत असतील तर तुकडे फार लांबून आलेले नाहीत. ही कसोटी इतिहासकारालाही तितकीच उपयोगी आहे, असे माझे ठाम मत आहे.

१९५४ पासून पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेवाशाला शोध घेतला, तेव्हा या थरांतून अश्मयुगीन हत्यारे मिळाली. खालच्या थरात हातकुऱ्हाडी आणि फरश्या होत्या, तर त्यावरच्या गोट्यांच्या थरात चर्ट, जास्पर, अकीक अशा दगडांच्या छिलक्यांची लहान हत्यारे. यावर रास्त आक्षेप असा, की नदीने वाहून आणलेल्या वस्तूंवरून माणसाची वस्ती कशी ठरवायची? वरच्या थरात जुनी हत्यारेही मिसळली असतील. आक्षेपातला एक भाग मान्यच करावा लागतो: थरात गाडले गेलेले हत्यार थराइतके किंवा त्याहून जुने असते, आणि ते सापडले तिथेच घडवले गेले असे म्हणता येत नाही. पण गोट्यांना लावलेली कसोटी हत्यारांनाही लावता येते. पुरात लोळलेल्या हत्याराची धार बोथट होते. जवळपास घडून लवकर गाडले गेलेले हत्यार धारदार राहते. म्हणून एकाच थरातली झिजलेली आणि ताजी हत्यारे वेगळी काढता येतात. नेवाशाजवळच चिरकी नाल्याकाठी गुद्रुन कोर्विनस यांनी १९६६ ते १९६९ या काळात केलेल्या उत्खननात दगडगोट्यांच्या पृष्ठावर अश्मयुगीन हत्यारे मोठ्या संख्येने मिळाली. त्यांच्या धारा फारशा झिजलेल्या नव्हत्या, म्हणजे ती घडवणारी माणसे प्रवरेपासून दूर नव्हती. म्हणूनच उत्खननात हत्यार उचलून गोटा टाकून देणे परवडणार नाही. हत्यार किती वाहिले हे शेजारच्या गोट्याशी ताडूनच कळते, आणि तो ताळा हरवला की प्रवरेच्या त्या पहिल्या रहिवाशांची साक्षही अर्धी होते.