घसरलेल्या खुब्याची कैफियत

बारा-तेरा वर्षांचा, अंगाने जरा स्थूल असा मुलगा महिना-दोन महिने लंगडत चालतो, त्या पायाचा चवडा बाहेर वळवून टाकतो आणि कुठे दुखते असे विचारताच निःशंकपणे गुडघ्यावर हात ठेवतो. वैद्य गुडघा चाचपतो, त्यात काही सापडत नाही म्हणून शेक आणि लेप यांची तजवीज करून मुलाला घरी धाडतो, आणि ज्याची खरी तक्रार आहे तो खुबा तपासणीवाचूनच राहतो. खुब्याला आणि गुडघ्याला जाणारे मज्जातंतू सामाईक असल्यामुळे वरची वेदना खाली जाणवते, हे आज सर्वमान्य आहे. तरीही या निदानाला होणारा विलंब अद्याप संपलेला नाही, म्हणून या विकाराची हकीकत सांगताना आरंभीच त्याचा उल्लेख करणे मला अगत्याचे वाटते.

मांडीच्या हाडाचा वाटीत बसणारा गोल माथा आणि त्याखालची मान यांच्यामध्ये, वाढीच्या वयात, कूर्चेची एक पातळ चकती असते. हाडाची वाढ तिथे होते, आणि म्हणूनच ते हाडातले सर्वांत कच्चे स्थळही असते. वयात येण्याच्या सुमारास ही चकती शरीराच्या भाराखाली ढळली, की माथा वाटीतच राहतो आणि मान पुढे व वर सरकते. सोळाव्या शतकात फ्रान्सच्या राजांच्या पदरी असलेले शस्त्रवैद्य आंब्रुआझ पारे यांनी हा माथा कधीकधी सुटतो व सांधा निखळल्याचा भ्रम उत्पन्न करतो, असे नोंदवून ठेवले होते. पुढे १८८८ साली जर्मनीत अर्न्स्ट म्युलर यांनी वाढत्या वयात मान वाकण्याच्या या विकाराचे वर्णन केले, आणि १८९५ मध्ये रोंटगेन यांना क्ष-किरण गवसल्यावर, तोवर केवळ तर्काने जाणलेली ही घसरण डोळ्यांना दिसू लागली.

दिसू लागली, आणि तिथूनच मोह सुरू झाला. जे सरकले ते जागेवर बसवावे, ही शस्त्रवैद्याची स्वाभाविक वृत्ती; तिच्यानुसार मुलाला भूल देऊन, पाय ताणून व आत फिरवून, बळाने माथा बसवावा आणि महिनोन्‌महिने प्लास्टरमध्ये जखडून ठेवावे, हा इलाज विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाला. क्ष-किरणांच्या चित्रात हाड सरळ दिसे. परंतु काही मुलांच्या बाबतीत पुढच्या महिन्यांत तोच माथा निर्जीव होऊन खचत जाई, आणि लंगडणाऱ्या मुलाच्या वाट्याला ताठ, कायमचा दुखरा सांधा येई.

याचे कारण पुढे उलगडले. स्पेनच्या यादवी युद्धातील फ्रँकोच्या विजयानंतर कॅटलोनियातून परागंदा होऊन इंग्लंडमध्ये आलेले शस्त्रवैद्य जोसेप त्रुएता यांनी ऑक्सफर्ड येथे मृत बालकांच्या हाडांत रंगद्रव्य भरून त्यांतील रक्तवाहिन्यांचा माग काढला, आणि १९५७ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. वाढीची चकती ही रक्ताच्या वाटेवरची तटबंदी असून मानेतले रक्त ती माथ्यात जाऊ देत नाही. माथ्याचे जीवित मानेच्या पाठीवरून, आवरणाला बिलगून जाणाऱ्या मोजक्या बारीक वाहिन्यांवर अवलंबून असते. अशा वाहिन्यांवर बळजोरी करणे म्हणजे काय, हे या संशोधनाने जितके स्पष्ट केले तितके आधी कशानेही केले नव्हते.

दरम्यान दुसरी वाट धरली गेली होती. १९३१ साली न्यूयॉर्कमध्ये फर्ग्युसन आणि हॉवर्थ यांनी चकतीच्या आरपार हाडाच्या खुंट्या ठोकून ती मुद्दाम जुळवून टाकण्याची शस्त्रक्रिया मांडली. त्याच वर्षी बोस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांनी मानेच्या अस्थिभंगासाठी काढलेला तीन पात्यांचा खिळा प्रसिद्ध झाला, आणि लवकरच तो मुलांसाठीही वापरला जाऊ लागला. पण किशोराच्या घट्ट हाडात तो ठोकताना माथा आणखीच ढकलला जाई. त्यामुळे खिळ्याची जागा बारीक सळ्यांनी घेतली, आणि कालांतराने एकाच स्क्रूने. आहे तिथेच माथा स्थिर करावा आणि वाकडेपण सोसावे, हा निर्णय बाहेरून दुबळा वाटला तरी माझ्या मते या शास्त्रातला सर्वांत धैर्याचा निर्णय तोच होय. आयोवा येथे १२४ रुग्णांच्या १५५ खुब्यांचा सरासरी ४१ वर्षे मागोवा घेऊन १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाने त्यालाच पुष्टी दिली. पुढे १९९३ साली लोडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुबड्यांच्या आधाराने का होईना, पण चालू शकणारे मूल आणि पाय टेकूच न शकणारे मूल असा भेद केला: पहिल्या गटातील २५ खुब्यांपैकी एकाचाही माथा मेला नाही, दुसऱ्यातील ३० पैकी १४ मेले.

मात्र अतिशय घसरलेल्या माथ्याचा प्रश्न उरतोच. ब्रिटनमध्ये डेनिस डन यांनी १९६४ साली मान थोडी आखूड करून, वाहिन्यांवर ताण न येऊ देता माथा बसवण्याची पद्धत मांडली होती. बर्नच्या राइनहोल्ड गान्झ यांनी २००१ मध्ये वाहिन्या राखून सांधा उघडण्याची रीत प्रसिद्ध केल्यावर डन यांच्या पद्धतीला नवा आधार मिळाला. त्या शस्त्रक्रियेत शस्त्रवैद्य माथ्याला हलवण्याआधी त्यात एक बारीक छिद्र पाडतो, आणि तिथून रक्ताचा थेंब उमलतो की नाही, हे पाहत थांबतो. माथा बसवून झाल्यावर पुन्हा त्याच छिद्राकडे पाहतो.