शपथ कोणाची घ्यायची?



आमच्या बेळगावच्या पॅरिशमध्ये रविवारी मिस्सानंतर मी दृढीकरणाच्या मुलांचा वर्ग घेतो. निवडणुकीच्या दिवसांत एका मुलाने विचारले, "सर, देव न मानणारा माणूस निवडून आला, तर तो शपथ कोणाची घेणार?" मुले हसली. "नसते प्रश्न नकोत, पाठ म्हण," असे म्हणून मी त्याला खाली बसवले. घरी आल्यावर मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना. कारण याच प्रश्नावर इंग्लंडची पार्लमेंट एकेकाळी जवळजवळ सहा वर्षे अडून बसली होती.

चार्ल्स ब्रॅडलॉ हा पूर्व लंडनमधल्या साध्या घरातला मुलगा. तो चर्चच्या संडे स्कूलमध्ये शिकवत असे. बिशप दृढीकरणासाठी येणार होते, म्हणून त्याला तयारी करायला सांगितले. त्याने अँग्लिकन चर्चची 39 कलमे आणि शुभवर्तमाने ताडून पाहिली. मेळ बसेना, तेव्हा त्याने आपल्या धर्मगुरूंना पत्र लिहून मदत मागितली. उत्तरादाखल त्याचे शिकवणे बंद झाले आणि मुलगा नास्तिक झाल्याची तक्रार घरी गेली. तेव्हा तो नास्तिक नव्हता. पण लवकरच त्याला घर सोडावे लागले, आणि पुढे तो इंग्लंडमधला सर्वांत नामवंत नास्तिक झाला.

1880 मध्ये चांभारांच्या नॉर्दम्प्टन गावाने त्याला पार्लमेंटवर निवडून दिले. देवाच्या नावाने शपथ न घेता केवळ प्रतिज्ञा करू द्या, अशी विनंती त्याने केली. ती नाकारली गेली. मग तो शपथ घ्यायला तयार झाला, तर सभागृह म्हणाले, तुझ्या शपथेला अर्थ नाही. त्याला एक रात्र पार्लमेंटच्या घड्याळाच्या मनोऱ्यात कैदेत ठेवले. 1881 मध्ये तर ओढून बाहेर काढले. जागा रिकामी ठरत गेली आणि 1881, 1882, 1884 अशा तिन्ही पोटनिवडणुकांत नॉर्दम्प्टनने पुन्हा त्यालाच निवडले.

इथे आपल्या घरची गोष्ट सांगायला हवी. 1829 पर्यंत कॅथॉलिकांना त्याच पार्लमेंटमध्ये बसता येत नसे. तिथे जे वदवून घेत, त्यात पवित्र मिस्सा नाकारावी लागे. 1828 मध्ये डॅनियल ओकॉनेल निवडून आले, तेही या दारातच अडले. यहुदी रॉथशील्ड 1847 मध्ये निवडून आले, पण 1858 पर्यंत त्यांना आसन मिळाले नाही. असे असूनही, 1883 मध्ये सर्वांना प्रतिज्ञेची मुभा देणारे विधेयक आले तेव्हा कार्डिनल मॅनिंग त्याच्या विरोधात ठाम उभे राहिले. अनेक आयरिश कॅथॉलिक सभासदांनीही विरोधात मत दिले. काल ज्यांच्यासाठी दार बंद होते, तेच आज दार लावायला पुढे आले!

दुसरे इंग्लिश कार्डिनल जॉन हेन्री न्यूमन यांनी मात्र विधेयकाविरुद्धच्या अर्जावर सही केली नाही. राजकारणी लोक ज्याला 'देव' म्हणतात तो बहुधा ख्रिस्ती लोकांचा देव नसतोच, मग यात धर्माचे तत्त्व कुठे आले, असे त्यांचे म्हणणे होते. पंतप्रधान ग्लॅडस्टन हे स्वतः अत्यंत भाविक, तरी विधेयकाच्या बाजूने तेच सर्वांत कळकळीने बोलले. विधेयक अवघ्या 3 मतांनी पडले. शेवटी 1886 मध्ये नव्या सभापतींनी ब्रॅडलॉला शपथ घेऊ दिली, आणि 1888 मध्ये त्यानेच प्रतिज्ञेचा कायदा करून घेतला.

हा माणूस पार्लमेंटमध्ये आपल्या हिंदुस्थानची बाजू मांडत असे. 1889 च्या डिसेंबरात तो मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आला होता. 1891 मध्ये तो वारला, तेव्हा लंडनमध्ये शिकणारे तरुण मोहनदास गांधी त्याच्या अंत्यविधीला गेले होते. आज आपल्या राज्यघटनेतही आमदार-खासदारांना दोन्ही वाटा मोकळ्या आहेत: ईश्वरसाक्ष शपथ किंवा प्रतिज्ञा.

मत्तयच्या पाचव्या अध्यायात प्रभू येशू शपथच वाहू नका असे शिकवतो. आपले होय ते होय आणि नाही ते नाही असावे, एवढेच तो मागतो. ब्रॅडलॉ देवाविषयी चुकला, असेच मी मानतो. पण ओठांवर देवाचे नाव आणि मनात काहीच नाही, अशी शपथ जबरदस्तीने घ्यायला लावून देवाचा मान कसा वाढेल? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही 1965 मध्ये कबूल केले, की नास्तिकता वाढण्यात श्रद्धावंतांचाही वाटा असू शकतो.

पुढच्या रविवारी मी त्या मुलाची सर्वांसमोर माफी मागितली आणि ही गोष्ट सांगितली. त्याने लगेच दुसरा प्रश्न विचारला. त्याचे उत्तर मला आले नाही. फादरांना विचारून सांगतो म्हणालो.

हे प्रभो, प्रश्न घेऊन आलेल्या कोणाही लेकराला आमच्या उतावीळपणामुळे तुझ्या दारातून परत जावे लागू नये. आमेन.