घसारा

वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला आम्हांला जे शब्द शिकवले गेले, त्यांतले बहुतेक परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी आपापल्या घरी निघून गेले. एकच मागे राहिला. घसारा. टेबल घ्या, यंत्र घ्या, मोटार घ्या. दरवर्षी तिची किंमत थोडी झिजते आणि ती झीज हिशेबात खर्ची टाकावी लागते. ही झीज वापराने होते, असं पुस्तकात छापलेलं होतं. पुसण्यानेही होते, असं कुठेच छापलेलं नव्हतं. ते ज्ञान मला बँकेत वीस वर्षं खर्डेघाशी केल्यावर झालं, आणि तेही मोटारींच्या रंगाचा इतिहास वाचताना. व्याकरणवाले काहीही म्हणोत, माझ्या कानाला ‘घसारा’ हा ‘घासणे’चा सख्खा भाऊ वाटतो.

आपल्याकडे वस्तूवर प्रेम करायची एकच रीत आहे. ती वस्तू पुसायची. रेडिओ घेतला, पुसा. फ्रीज घेतला, पुसा आणि वर विणलेला रुमाल घाला. मग मोटार घेतली तर काय होत असेल? नंदुरबार जिल्ह्यातल्या कळसाडीला आमच्या मामांकडे एक मोटार आहे. 1973 सालची प्रीमियर प्रेसिडेंट, पांढरी. गावात तिला कोणी प्रेसिडेंट म्हणत नाही. गावाच्या दृष्टीने ती फियाट, आणि प्रेसिडेंट मामाच. एका वर्षी कापसाला बरा भाव आला आणि मामांनी 1986 साली ती शहरातल्या एका डॉक्टरांकडून जुनी घेतली. तेव्हापासून रोज सकाळी, चहाच्या आधी, मामा जुन्या धोतराचा तुकडा घेऊन ती पुसत आले. कोरडीच. पाणी लागलं तर पत्रा गंजेल, ही भीती. आम्ही भाचेमंडळी सुट्टीत गेलो आणि कोणी हात पुढे केला की मामा अहिराणीत ओरडत, “हाई गाडी शे रे भाचा, भांडं नही!”

मामांचा मुद्दा बरोबर होता. फक्त तो त्या धोतराच्या तुकड्याला कोणी सांगितला नाही.

हे समजायला थोडं मागे जावं लागेल. मुंबईत मोटारी अवतरल्या त्या 1898 साली. त्या काळी मोटार म्हणजे घोडा काढून घेतलेली बग्गी, आणि तिला रंगही बग्गीचाच. कारागीर कुंचल्याने एक हात मारायचा, तो वाळायची वाट बघायची, मग घासायचा, मग दुसरा हात. वर व्हार्निश. असे अनेक हात व्हायचे आणि एका गाडीला आठवडेच्या आठवडे लागायचे. सरकारी कामाला आपण उगीच नावं ठेवतो. हेन्री फोर्डने 1914 ते 1925 या काळात आपली मॉडेल टी फक्त काळ्या रंगात विकली, त्यामागे सौंदर्यदृष्टी नव्हती. भट्टीत पटकन वाळणारा काळा रंग त्याच्या घाईच्या कारखान्याला सोयीचा होता.

आणि मग या कथेत कापूस येतो. खानदेशातल्या माणसाने इथे जरा सावरून बसावं. 1846 साली शोनबाइन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाचा प्रयोग केल्याचं जाहीर केलं. कथा अशी सांगतात की, स्वयंपाकघरात सांडलेलं आम्ल त्याने बायकोच्या सुती एप्रनने पुसलं, ते एप्रन चुलीजवळ वाळत घातलं, आणि भप्कन ज्वाळा होऊन एप्रन नाहीसं झालं. बायको काय म्हणाली ते इतिहासाने नोंदवलेलं नाही. पण विवाहित वाचकांना इतिहासाची गरज नाही. या स्फोटक कापसाची पुढे दारू झाली. पहिल्या महायुद्धात तिचे कारखाने रात्रंदिवस चालले. युद्ध संपलं आणि कारखानदारांना प्रश्न पडला, की आता या मालाचं करायचं काय? तोच कापूस, जरा सौम्य करून, द्रावकात विरघळवून, त्यात रंग कालवून फवारला तर? 1923 साली अमेरिकेत ड्यूपाँ आणि जनरल मोटर्स यांनी मिळून तसा रंग बाजारात आणला. 1924 च्या ओकलंड मोटारीवर तो निळा होऊन बसला. नाव ठेवलं ड्युको. आठवड्यांचं काम तासांवर आलं आणि काळ्याखेरीज इतर रंगांना रस्त्यावर यायची परवानगी मिळाली.

आपल्याकडे त्या नावाचं काय झालं बघा. आजही सुतार विचारतो, “कपाटाला पॉलिश करू की ड्युको मारू?” त्या बिचाऱ्याला ओकलंड ठाऊक नाही आणि शोनबाइनची बायकोही नाही. आपण हिशेबात मुरलेली माणसं. कंपनीचं नाव घेऊन त्याचं सामान्यनाम करून टाकतो आणि रॉयल्टी देत नाही.

या कापसाच्या रंगाची एक खोड होती. फवारून वाळला की तो मिणमिणीत दिसे. चकाकी यायला त्याला बारीक भुकटीच्या लेपाने घासावं लागे. म्हणजे मोटारीला पॉलिश करण्याचा धंदा जन्मला तो गाडी जुनी झाल्यावर नाही, नवी असतानाच. पुढे सिंथेटिक एनॅमल आले, ॲक्रिलिक आले, रंगाची रसायनं बदलली. घासायची सवय मात्र कारखान्यातून बाहेर पडली आणि मालकाच्या घरी राहायला आली.

मामांची गाडी ज्या कारखान्यातून आली, त्याचा संस्थापक सोलापूरचा. 1882 साली जन्मलेले वालचंद हिराचंद. जहाजं काढून झाली, साखर काढून झाली, विमानाचा कारखाना काढून झाला, तेव्हा 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढून त्यांनी कुर्ल्याला मोटारींचा घाट घातला. इटलीच्या फियाटशी करार झाला. 1964 पासून फियाट 1100 डिलाइट निघू लागली, 1972 मध्ये करार संपल्यावर तिचं नाव प्रेसिडेंट झालं, आणि दोनेक वर्षांत ती पद्मिनी झाली. सामान्य माणसाला तिच्यासाठी इतकी वर्षं थांबावं लागे की नंबर लावताना असलेले केस डिलिव्हरीच्या वेळी असतीलच याची खात्री नसे. एवढ्या तपश्चर्येने मिळालेली वस्तू माणूस पुसणार नाही तर काय करणार? मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीवाल्यांनीही पुसली. पहाटे स्टँडवर फटाफट फडकं मारलं, चार थेंब रॉकेलचा हात फिरवला, की टॅक्सी नवरीसारखी. शेवटची पद्मिनी टॅक्सी 2003 च्या ऑक्टोबरात नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत संपून 2023 च्या ऑक्टोबरात ती रस्त्यावरून उतरली. तिच्याबरोबर ते फटाफट वाजणारं फडकंही उतरलं.

आता खरी गोम. जुन्या गाडीच्या रंगावर वेगळा पारदर्शक थर नसतो. तो आजच्या गाड्यांना असतो. जुन्या साध्या रंगाच्या गाडीला रंग हाच वरचा थर. त्याची जाडी साधारण माणसाच्या एक-दोन केसांइतकी. (माझ्या डोक्यावर आता एवढीच शिल्लक असल्याने हे माप मला चटकन कळतं.) हे आपलं भांडवल. ऊन आणि हवा लागून त्याचा अगदी वरचा पापुद्रा मरतो आणि पांढुरक्या भुकटीसारखा होतो. म्हणून जुनी गाडी खडू लावल्यासारखी दिसते. पॉलिश करतो म्हणजे आपण काय करतो? तो मेलेला पापुद्रा खरवडून काढतो आणि खालचा ताजा रंग उघडा पाडतो. चमक येते ती भर घातल्याने येत नाही, काढून घेतल्याने येते. एका वेळी एक-दोन मायक्रॉन. कंपाऊंड जोरात मारलं तर चार-पाच. फडक्याला गाडीचा रंग लागलेला दिसतो ना, ती काढलेल्या रकमेची पावती. मुदत ठेव मोडून वाढदिवस साजरा करायचा, त्यातला हा प्रकार. वाढदिवस झकास होतो.

आणि मामांचं धोतर? ते सुती होतं, मऊ होतं, निष्पाप होतं. दोष धुळीचा. रस्त्याच्या धुळीत वाळूचे, म्हणजे गारगोटीचे कण असतात, आणि गारगोटी पोलादी चाकूवरही ओरखडा काढते. कोरडं फडकं फिरवलं की ते कण रंगावरून फरफटत जातात. रोज थोडे. उन्हात तिरपं बघितलं तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा दिसतात. त्या मामांच्या हाताचा प्रवास दाखवतात. छत्तीस-सदतीस वर्षं रोज सकाळी एकाच दिशेने. घटत्या शिल्लक पद्धतीने घसारा कसा काढतात ते यापेक्षा चांगलं समजावणारे प्राध्यापक मला कॉलेजात भेटले नाहीत. बॉनेटच्या पुढच्या कडेवर, जिथे हात सगळ्यांत जोरात फिरायचा, तिथे रंग संपून खालचं करडं अस्तर दिसतं.

मग गाडी पुसायचीच नाही का? पुसायची, पण बँकेच्या शिस्तीने. आधी सावलीत घ्यायची आणि पत्रा गार होऊ द्यायचा. मे महिन्यात कळसाडीला हे पहाटेच जमतं. तापल्या पत्र्यावर साबण वाळून डाग बसतात. मग नुसतं पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्यायची. फडकं लागायच्या आत धूळ गेलेली पाहिजे, हे यातलं पहिलं कलम. बादल्या दोन: एकीत मोटारीचा सौम्य शांपू, दुसरीत साधं पाणी. फडकं दर वेळी साध्या पाण्यात खळबळून मगच साबणात. जमा वेगळी, नावे वेगळी. दोन्ही एकाच बादलीत घातली तर ऑडिटर काय म्हणेल? सुरुवात टपावरून, शेवट खालच्या चिखलाशी, हात सरळ रेषेत. भांड्यांची पावडर नको, धुण्याचा सोडा नको. फडकं जमिनीवर पडलं की त्या दिवसापुरतं ते निलंबित. आणि बोअरचं जड पाणी अंगावर वाळू द्यायचं नाही, क्षारांचे ठिपके उठतात. मऊ पंचाने टिपून घ्यायचं. टिपायचं, घासायचं नाही.

पक्ष्याची शिट पडली तर नखाने खरवडायची नाही. ओलं फडकं दहा मिनिटं ठेवून भिजवायची आणि अलगद उचलायची. निंबाखाली गाडी उभी करणाऱ्यांनी हे रोजच्या प्रार्थनेत घालावं. रॉकेलने आलेली चमक ही तेलाची साय. तिला संध्याकाळपर्यंत दुप्पट धूळ चिकटते आणि दारांची रबरंही खराब होतात. थिनरचं तर नाव काढू नये. कापसाच्या कुळातला जुना रंग त्यात सरळ विरघळतो. ओरखड्यावर टूथपेस्ट हा घरगुती उपाय म्हणजे कंपाऊंडच, फक्त पुदिन्याच्या वासाचं.

पॉलिश करावंच लागलं तर सगळ्यांत सौम्य घ्यायचं, आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात वीतभर करून बघायचं, आणि काम भागलं तर तिथेच थांबायचं. कडा आणि उंचवट्यांवर रंग मुळातच पातळ, तिथे कागदी टेप चिकटवायची. विजेचं फिरकी यंत्र नवशिक्याने जुन्या रंगावर चालवू नये; ते एका जागी क्षणभर जास्त रेंगाळलं तरी तापून रंग खाऊन टाकतं. आणि जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तो कोरडा घासून त्याची धूळ नाकात घेऊ नये. शेवटी मेण. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून निघणारं कार्नोबा मेण पातळ लावलं की ते रंगातून काहीही काढत नाही. महिना-दोन महिने पाणी-ऊन स्वतः सोसतं आणि झिजतं. मेण झिजतं म्हणजे विम्याचा हप्ता जातो, मुद्दल शाबूत राहतं.

हे सगळं मी अलीकडे सांगायला लागलो त्याला कारण आहे. सरकारने 2021 साली नियम केला: पन्नास वर्षांवरच्या, मूळ स्वरूप टिकवलेल्या गाड्यांची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, आणि नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये. मामेभावाला हे कळलं आणि त्याचा उत्साह उतू गेला. त्याचं म्हणणं, गाडी पूर्ण खरवडून नवाकोरा रंग मारू, मगच अर्ज करू. त्याने रंगाऱ्याकडून भावही आणला. बॉनेटवरचा तो करडा डाग त्याला डोळ्यांत खुपतो.

मामांना आता हात वर नेता येत नाही. ते ओट्यावर खुर्ची टाकून बसतात आणि गाडीकडे बघतात. या वादात त्यांचं मत कोणी विचारलं नव्हतं, म्हणून मी विचारलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “रंग काय, पैसे टाकले की मिळतो.” आणि गप्प झाले. मामेभावाने याचा अर्थ होकार असा घेतला. मी नकार असा घेतला. मामी आतून म्हणाली, “त्या डागावर यांचा हात आहे सदतीस वर्षांचा. तो कोणत्या दुकानात मिळतो ते विचारा रंगाऱ्याला.”

रंगाऱ्याला अजून कोणी विचारलेलं नाही. तूर्त असं ठरलं आहे की रंग मारायचा नाही. डागावर नुसतं मेण लावायचं, म्हणजे पत्रा गंजणार नाही. धोतराचा तुकडा मामीने काढून घेतला आहे आणि दोन बादल्या दारात ठेवल्या आहेत. रविवारी सकाळी मामेभाऊ गाडी धुतो, आणि ओट्यावरून मामा त्याच्यावर ओरडतात. ओरडण्यावर घसारा लागत नाही.