मालकी आणि इजाजत

शिवाजी पेठेतून खरी कॉर्नरकडे गेलं की कॅमेऱ्याचा स्तंभ दिसतो. कलामहर्षी बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीची ती आठवण. त्यांचा ‘सैरंध्री’ १९२० साली आला आणि गाजला. आज तो कुणालाच पाहता येत नाही. प्रतच उरलेली नाही.

असं का झालं? प्रेक्षक तिकीट काढून सिनेमा बघायचा. थिएटरवाला रिळं भाड्याने आणायचा आणि परत पाठवायचा. म्हणजे पाहणारे हजारो, पण प्रती मोजक्या. त्यातही नायट्रेटची फिल्म पटकन पेट घ्यायची, आणि चांदी काढण्यासाठी जुनी रिळं मोडीत निघायची. आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) असाच गेला. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय झालं १९६४ साली. तोवर उशीर झाला होता.

हे आठवलं मुलामुळे. तो म्हणाला, “अब्बा, गेम डाउनलोड कशाला करायचा? क्लाउडवर खेळता येतो.” त्याचं खरं आहे. गेम कंपनीच्या दूरच्या कॉम्प्युटरवर चालतो, आपल्याकडे फक्त चित्र येतं. महागडं यंत्र लागत नाही. साध्या घरातल्या पोरासाठी ही लहान गोष्ट नाही.

पण हे थिएटरचं तिकीट आहे. गूगलची ‘स्टेडिया’ ही अशीच सेवा परदेशात २०१९ साली सुरू झाली आणि १८ जानेवारी २०२३ ला बंद पडली. गेमचे पैसे परत मिळाले, पण तिथला खेळ संपला.

मग डाउनलोड केलेली प्रत तरी आपली का? नेहमीच नाही. युबिसॉफ्टने २०२४ साली ‘द क्रू’चे सर्व्हर बंद केले, तेव्हा विकत घेतलेली डिस्क हातात असूनही तो गेम चालेना. म्हणून कसोटी एकच : नेट बंद केल्यावर गेम चालतो का?

उर्दू आणि मराठी, दोन्ही वर्गांत मी ‘मालक’ हा शब्द शिकवतो. तो अरबीतून दोन्हींकडे आला. मालक तो, ज्याला वस्तू वापरताना दुसऱ्याची इजाजत लागत नाही. दुकानात ‘खरेदी करा’ असं लिहिलेलं असतं, मिळते मात्र बऱ्याचदा इजाजतच.

मुलाला मी एवढंच सांगितलं : नवा गेम क्लाउडवर खुशाल खेळून बघ. पण जो तुझ्या मुलांना दाखवावासा वाटेल, त्याची नेटशिवाय चालणारी प्रत घरात ठेव. ‘सैरंध्री’ची तशी एक प्रत कुणाच्या तरी पेटीत राहिली असती, तर आज आपण ती पाहिली असती.